ड्रॉइंगमध्ये नसलेली वायर

तांब्याच्या थराची जाडी पस्तीस मायक्रॉन. केसाच्या निम्म्याहून कमी.

*

"मी चहात साखर घेत नाही मॅडम. पण बिस्किटं बुडवून खातो, तेवढं चालतं."

*

मालगाडीची काड्यापेटीएवढी वाघीण. तिच्यात खरी चुनखडी भरलेली. साबुदाण्याएवढे तुकडे करून.

*

पान अकरा, परिच्छेद चार: सदर वायरमनने मंजूर ड्रॉइंगबाहेर जाऊन स्वतःच्या मर्जीने जोडणी केल्याचे निदर्शनास येते.

*

एकतीस. चव्वेचाळीस.

*

क्वार्टर रिकामं करायला सात दिवस दिले होते. आईने सहाव्या दिवशी भिंतीतले खिळेसुद्धा उपटून घेतले.

*

"आता हे सगळं एका बोर्डावर आणायचं," निमकर म्हणाले, आणि त्यांनी टेबलाखालचा पडदा बाजूला केला.

इथून सरळ सांगते.

२०१४ सालचा फेब्रुवारी. नाशिकला गंगापूर रोडवर निमकरांचा बंगला, आणि वरच्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं सोळा बाय नऊ फुटांचं टेबल. टेबलावर आगगाडी. मी सर्किट बोर्ड डिझाइन करते. अंबडला माझा एक गाळा आहे, तिथे मी आणि रझिया अशा दोघीच. निमकरांना माझं नाव त्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबात कुणी तरी दिलं होतं. फोनवर ते म्हणाले होते, "सुरेंद्र निमकर बोलतोय. रिटायर्ड सिग्नल इंजिनिअर. आता गाड्यांशी खेळतो." आणि मोठ्याने हसले होते.

हे नाव मी दहा वर्षांची असल्यापासून ऐकत आले. आमच्या घरात ते कुणी पूर्ण घेत नसे. वडील फक्त 'तो सायब' म्हणायचे.

मी त्या घरात कामासाठी गेले नव्हते. माणूस बघायला गेले होते. माझ्या वडिलांची नोकरी, क्वार्टर आणि अब्रू ज्याने एका सहीने घालवली तो माणूस म्हातारपणी कसा दिसतो, ते बघायचं होतं. जमलं तर त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, चारचौघांत: चूक माझी होती. कसं, ते ठरलं नव्हतं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेबल दिसलं आणि माझा पाय तिथेच थांबला.

"हे कुठलं स्टेशन?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"स्टेशन नाही हो. कारखान्याची सायडिंग. चंद्रपूरकडची. खाणीतून दगड भरायचा, क्रशरला टाकायचा, रिकाम्या वाघिणी परत खाणीला. दिवसाला वीस गाड्या. सगळं आमच्या एका कॅबिनमधून चालायचं. तीन वर्षं होतो मी तिथे. काय दिवस होते!"

"मग सोडलंत का?"

"बढती मिळाली. मुंबईला गेलो."

खाण होती. क्रशर होता. वळण होतं, त्यामागे पळस होता. तारेच्या फांद्यांना लाल कापूस चिकटवलेला. कॅबिनला हिरव्या खिडक्या होत्या, खऱ्या होत्या तशाच. पळसाच्या मागे आमची क्वार्टर्स होती, बारा घरं. निमकरांनी ती केली नव्हती. तिथे गवत म्हणून हिरवा स्पंज लावला होता.

त्यांनी बटण दाबलं. गाड्या सुरू झाल्या. चालवायला कुणी लागत नव्हतं. सिग्नल हिरवा झाला की त्या रुळात वीज यायची आणि गाडी आपोआप निघायची, लाल झाला की थांबायची.

"वरून स्वर्ग," निमकर म्हणाले, "आणि खालून बघा. दोनशे बारा वायरी. एक सुटली की दोन दिवस शोधत बसतो. पाठ वाकत नाही आता."

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले.

*

खाली दोनशे बारा वायरी होत्या आणि प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी होती. निमकर टापटिपीचे. काळ्या वायरी एका जुडग्यात, लाल दुसऱ्यात, मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. मधे वायरी जोडायची लांबलचक टर्मिनलपट्टी, नंबर एक ते साठ.

एकीला मात्र चिठ्ठी नव्हती. पिवळी. कुठल्याच जुडग्यात नव्हती, एकटीच तिरकी गेली होती. मी टॉर्च दातांत धरला आणि तिची दोन्ही टोकं बोटांनी चाचपली.

एकतीस. चव्वेचाळीस.

"काय झालं?" वरून आवाज आला. "डोकं आपटलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"टर्मिनलचे नंबर बघितलेत? कारखान्यातल्या ड्रॉइंगचेच ठेवलेत मी. सवय. ते ड्रॉइंग मीच केलं होतं, अजून पाठ आहे."

मी बाहेर आले, गुडघे झटकले. त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी माझ्या हातात दिली. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: काढणार, सु. ग. निमकर. तपासणार, सु. ग. निमकर. मी एकतीसवर बोट ठेवलं. तिथून चव्वेचाळीसकडे कुठलीच रेघ जात नव्हती.

"खाली एक पिवळी वायर आहे," मी म्हणाले. "ती यात नाही."

ते चष्मा वर करून वाकले. "पिवळी? असेल. मीच लावली असणार कधी तरी."

"कशाला?"

"आठवत नाही."

"बोर्डात घ्यायची?"

"ड्रॉइंगमध्ये नाही ना?"

"नाही."

"मग काढा. ड्रॉइंगमध्ये नाही ती वायर नको."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण वडिलांच्या आवाजात. खुद्द सायबाच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं. आवाज चांगला होता. प्रेमळ म्हणावा असा.

"तुम्ही मला हे लिहून द्याल का?" मी विचारलं. "आमच्याकडे पद्धत आहे. कामात शंका आली की ती कागदावर मांडायची, गिऱ्हाइकाने उत्तर लिहून सही करायची."

"उत्तम पद्धत," निमकर म्हणाले. "आमच्या वेळी अशी असती तर किती भानगडी टळल्या असत्या."

*

(चौकशीचा कागद. टाइप केलेला, कार्बन कॉपी. वडिलांनी ट्रंकेत ठेवला होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही.)

प्रश्न: जादा वायर कोणी लावली?
उत्तर: मी.
प्रश्न: कोणाच्या परवानगीने?
उत्तर: कोणाच्या नाही. वळणामागची गाडी कॅबिनला दिसत नव्हती म्हणून लावली.
प्रश्न: मग काढली का?
उत्तर: निमकर साहेबांनी सांगितले.
प्रश्न: लेखी?
उत्तर: तोंडी.
प्रश्न: श्री. निमकर, आपण असे सांगितले होते काय?
उत्तर: आठवत नाही.

*

"ताई, ही सात नंबरची शंका मोठ्या अक्षरात का टाइप केलीस?" रझियाने विचारलं.

रझिया माझ्याकडे अकरा वर्षं होती. बोर्डावर पार्ट बसवणं, सोल्डरचे टाके मारणं, तपासणं सगळं तिचं. माझ्याहून वयाने चार वर्षांनी मोठी, पण ताई मीच.

"नीट वाचता यावी म्हणून. म्हातारा माणूस आहे."

"बाकी सहा काय तरुणासाठी आहेत?" तिने कागद पुढे ओढला. "टर्मिनल एकतीस ते चव्वेचाळीस ही वायर प्रत्यक्षात आहे, ड्रॉइंगमध्ये नाही. बोर्डात घ्यावी का?" तिने ड्रॉइंग पसरलं. रझिया शाळेत दहावीपर्यंतच गेली, पण ड्रॉइंग तिच्यासारखं वाचणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. तिचं बोट रुळावरून फिरत गेलं, वळणावर थांबलं, परत आलं.

"अगं, हा वळणामागचा तुकडा कुठेच जोडलेला नाही. इथे गाडी उभी राहिली तर कळणार कसं? खाणीकडचा सिग्नल तर हिरवाच होईल."

"हो."

"मागची गाडी येऊन ठोकेल."

"हो."

"मग ती पिवळी वायर तेच काम करते. वळणामागे गाडी असली की खाणीचा सिग्नल लाल." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे ड्रॉइंगच चुकलंय. आणि तू त्याला हे सांगितलं नाहीस. फक्त विचारलंस, घेऊ का नको."

"विचारणं माझं काम."

"नाटकं करू नकोस. मागच्या महिन्यात त्या पंपवाल्याला तू स्वतः फोन करून ओरडलीस, तुमचं ड्रॉइंग चुकलंय म्हणून. आणि ह्याला शंकापत्रक!" ती स्टूल ओढून बसली. "कोण आहे हा?"

मी सांगितलं. १९८४चा जुलै. वळणामागे एका रिकाम्या गाडीची कडी सुटली, गाडी थांबली. दौलत आत्राम नावाचा पॉइंट्समन दोन वाघिणींच्या मधे वाकून कडी बसवत होता. खाणीकडचा सिग्नल हिरवा झाला. मागून भरलेली गाडी आली. वडिलांनी लावलेली वायर एक महिन्यापूर्वी निमकरांनी काढायला लावली होती. चौकशीत मात्र लिहिलं गेलं की वायरमनने मनाने फेरफार केले, म्हणून सगळी यंत्रणा भरवशाची राहिली नाही. नामदेव ठावरी, वायरमन, बडतर्फ. त्यानंतर वडिलांनी वरोऱ्याला एका दुकानाच्या ओट्यावर बसून रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त केले. तीस वर्षं.

टाके मारायची सळई थंड झाली होती. ती रझियाने उगाच स्पंजवर पुसली.

"आणि त्याने स्वतःच्या खेळण्यात तीच वायर लावलीये," मी म्हणाले. "तेच नंबर. म्हणजे त्याला कळलेलं आहे. कधी कळलं ते माहीत नाही. पण कळलंय."

"तू आता काय करणारेस?"

"त्याने सांगितलंय तसा बोर्ड. रेघ न् रेघ त्याच्या ड्रॉइंगची. एकही जास्त नाही."

"खेळण्यातली गाडी आहे म्हणून मी गप्प बसते," रझिया म्हणाली. "खरी असती तर?"

"खरी होती."

*

शंका क्रमांक ७. उत्तर, निळ्या शाईत, सुवाच्य: ड्रॉइंगमध्ये नाही. घेऊ नये. सु. ग. निमकर, २१ फेब्रुवारी २०१४.

*

असं सुरेख काम मी आयुष्यात केलेलं नाही. दोन थरांचा बोर्ड, वहीच्या पानाएवढा. दोनशे बारा वायरींच्या जागी चार चपट्या पट्ट्या. एकेक रेघ मी तीनतीनदा वळवून पाहिली, कोपरे सगळे सारखे, अंतरं सारखी. एकतीसपासून एक रेघ सहज चव्वेचाळीसपर्यंत नेता आली असती. मधे मोकळी जागा होती, बोटभर. मी ती मोकळी ठेवली. रोज संगणक उघडला की आधी तिथे नजर जायची.

फाइल पाठवण्याआधी सॉफ्टवेअर सगळं तपासतं: कुठे दोन रेघा चिकटल्यात का, कुठलं टोक लोंबतंय का. ड्रॉइंगच चुकलं असेल तर ते त्याला समजत नाही. पडद्यावर आलं: त्रुटी शून्य.

निमकरांचा फोन आला. "मॅडम, बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत नाव छापता येतं ना?"

"येतं."

"मग 'संकल्पना आणि ड्रॉइंग: सु. ग. निमकर' असं टाका. तुमचं नाव पण टाकू का बारीक?"

"माझं नको," मी म्हणाले. "तुमचंच राहू दे."

बोर्ड मार्चच्या मध्याला आला. रझियाने पार्ट बसवले. देताना तिने तो माझ्या हातात ठेवला नाही, टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेली.

बसवायला मीच गेले. दिवसभर टेबलाखाली होते. जुन्या वायरी एकेक काढून मी पिशवीत भरल्या. पिवळी सगळ्यांत शेवटी. ती काढताना निमकर खुर्चीत बसून बघत होते.

"ही ना ती?" ते म्हणाले.

मी पाना तसाच धरून थांबले. आतापर्यंत जे झालं ते कागदावर होतं. त्या क्षणी ते म्हणाले असते, थांबा, आठवलं, ही राहू दे, तर मी ती राहू दिली असती. निदान मला तसं वाटतं.

"ही ती," मी म्हणाले.

"काढा, काढा. छान मोकळं दिसतंय आता."

*

क्लबाचं वार्षिक संमेलन त्यांच्याच घरी होतं. मार्चचा शेवटचा रविवार, सकाळी अकरा. तीसेक माणसं, बहुतेक पुरुष, बहुतेक निवृत्त, पायात मोजे, कारण त्या खोलीत चपला चालत नसत. क्लबाचे अध्यक्ष दामले म्हणून एक उंच गृहस्थ होते. ते सारखे फोटो काढत होते. निमकरांनी टेबलाखाली दिवा लावला होता, बोर्ड दिसावा म्हणून. लोक वाकून वाकून बघत होते.

"निमकर, आधी इथे सुगरणीचं घरटं होतं हो!"

"चार पट्ट्या! माझ्याकडे अजून दीडशे वायरी आहेत. बायको म्हणते, एक तर मी नाही तर त्या."

"मग काय ठरलं?"

"बोर्डाचा भाव विचारून सांगतो."

हशा झाला. निमकरांनी माझी ओळख करून दिली. "ह्या बागूल मॅडम. पण कौतुक त्यांच्या शिस्तीचं. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच केलं. स्वतःचं डोकं मधे घातलं नाही. हल्ली असं कोण करतं?"

गाड्या सुरू झाल्या. वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. चालणारच, वळणामागे गाडी थांबली नाही तर त्या ड्रॉइंगची चूक दिसतच नाही. कारखान्यातसुद्धा वडिलांखेरीज कुणाला ती दिसली नव्हती. लोक चहाकडे वळायला लागले. दामल्यांनी कॅमेरा मिटला.

मी म्हणाले, "साहेब, रिकामी गाडी वळणामागे थांबवून दाखवा ना. त्या पळसापाशी. फोटो छान येईल."

"हां, हे बरं सुचलं!" दामले परत वळले. निमकरांनी खुशीत बटण दाबलं. रिकामी गाडी पळसाखाली थांबली. लोक पुन्हा टेबलाभोवती जमले.

मी कुणाकडेच बघत नव्हते. खाणीकडच्या सिग्नलकडे बघत होते. तो तांदळाएवढा दिवा होता. हिरवा झाला.

भरलेली गाडी निघाली. वळणाला तिने वेगही कमी केला नाही. मधल्या वाघिणी उभ्या राहिल्या, चुनखडी फुटाण्यांसारखी उडाली, इंजिन रुळावरून सुटून टेबलाच्या कडेवर गेलं आणि फरशीवर पडलं. त्याचं एक चाक बरंच लांब जाऊन कुणाच्या तरी मोज्याला लागून थांबलं.

"अरेरेरे," कुणी तरी म्हणालं.

निमकर पांढरे पडले होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बोर्ड! बोर्डात चूक आहे! काय केलंत तुम्ही हे?" आणि लोकांकडे वळून, "म्हणून मी म्हणतो, बाहेरून काम करून घ्यायचं म्हणजे... नऊ वर्षं एकदा झालं नाही असं! नऊ वर्षं!"

मी पर्समधून कागद काढून दामल्यांना दिला. "सात नंबर वाचा. मोठ्याने."

दामल्यांनी शंका वाचली. उत्तर वाचलं. तारीख वाचली. सही निमकरांना दाखवली, जणू ती त्यांची आहे का हे विचारायला.

"ती पिवळी वायर काय करत होती, आता आठवतं का?" मी विचारलं.

निमकर फरशीवरच्या इंजिनाकडे बघू लागले.

"कारखान्यातली काय करत होती, ते तरी?"

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी पुढे खूप वेळा आठवून पाहिलं आहे. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. बराच वेळ दाराशी उभ्या असलेल्या माणसाला शेवटी कुणी तरी ओळखावं, तसं काही तरी.

"माझं माहेरचं नाव ठावरी," मी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. "नामदेवची..."

"मुलगी."

"काय चाललंय?" दामल्यांनी विचारलं. मी वरोऱ्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तीस माणसं उभी होती. मला हेच पाहिजे होतं. अगदी असंच, एवढ्याच लोकांसमोर.

"हालो," वडिलांचा आवाज आला. मागे कुकर फुसफुसत होता.

"बाबा, एकांना तुमच्याशी बोलायचंय." मी फोन निमकरांसमोर धरला. "बोला."

त्यांनी दोनदा घसा खाकरला. "ठावरी... मी निमकर बोलतोय. सिग्नलचा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती पूर्ण संपेपर्यंत वडील थांबले.

"बोला."

"ती वायर. एकतीस-चव्वेचाळीस. मीच काढायला सांगितली होती तुला. तोंडी. ड्रॉइंग माझं चुकलं होतं. आणि चौकशीत मी म्हटलं की आठवत नाही... मला आठवत होतं."

"मले मालूम हाये."

"हो. पण मी कधी बोललो नाही..."

"तुमालेई मालूम होतं, मलेई मालूम होतं. मंग आता काहून सांगता? मी त जित्ता हावो. दौलतच्या घरी सांगतलं का?"

निमकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन तसाच धरून होते.

"नाही," ते म्हणाले.

"आधी तिथं सांगा. त्याची बायको हाये अजून. मंग पाहू." थोडं थांबून म्हणाले, "पोरीले द्या फोन."

मी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला.

"लोकं हायेत का तिथं?"

"हो बाबा."

"किती?"

"तीस."

"मले इचारलं असतं त नाई म्हनलं असतं मी," वडील म्हणाले. "म्हनून नाई इचारलं ना तू?"

मी लोकांकडे पाठ केली.

"तुयी आई जेवाले बोलावते," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

खोलीत कुणाला काही नीट कळलं नव्हतं. काही तरी मोठं झालेलं आहे एवढं कळलं होतं. दामले गुडघ्यावर बसून चुनखडीचे खडे वेचायला लागले, मग आणखी दोघे बसले. एकाने मला हळूच विचारलं, "पण बोर्ड बदलून मिळेल ना हो?"

निमकरांनी फरशीवरचं इंजिन उचललं. त्याची पुढची बाजू चेपली होती. ते अंगठ्याने दाबून बघत म्हणाले, "ती वायर बाहेरून लावली तर चालेल?"

"चालेल. एकतीस ते चव्वेचाळीस. पण आधी ड्रॉइंग दुरुस्त करा. आणि खाली तारीख घाला."

"लेखी."

"लेखी."

मी जिना उतरले, सँडल घातल्या. बाहेर ऊन लख्ख होतं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? मी गुणगुणतच स्कूटर सुरू केली. निम्म्या वाटेवर, कॉलेज रोडच्या सिग्नलला, मला दौलत आत्रामची बायको आठवली. क्वार्टर नंबर नऊ. तिच्या दारात निळ्या गोकर्णीचा वेल होता. तिचं नाव मला आठवेना. सातही शंका मी स्वतः लिहिल्या होत्या, तिथे उभी राहून मी त्या पहिलीपासून आठवत गेले; तिच्याबद्दल एकही नव्हती. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा सिग्नल सुटलेला होता.

वडील माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. निमकर एप्रिलात चंद्रपूरला जाऊन आले, असं दामल्यांकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, आणि पुढच्या वर्षी निमकर वारले, त्यामुळे विचारायचं राहिलंच. आता वडीलही नाहीत. त्यांच्या ट्रंकेत चौकशीच्या कागदाखाली एक वही निघाली, कॅबिनच्या रजिस्टरवरून त्यांनी पेन्सिलीने उतरून घेतलेली. चौकशीत ती कुणी मागितली नव्हती.

त्या वहीप्रमाणे १९८४ च्या मे-जूनमध्ये ती वायर एकोणीस दिवस जागेवर होती. तेवढ्या दिवसांत वळणामागे चार वेळा गाडी थांबली, आणि चारही वेळा खाणीकडचा सिग्नल लाल राहिला.